विंडोजशेजारी लिनक्स : हार्ड डिस्कची वाटणी करताना काय सांभाळावे?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे अनेक संगणक मागे पडले. अशा संगणकावर विंडोज तसेच ठेवून शेजारी उबुंटू किंवा लिनक्स मिंट बसवता येते. यालाच ड्युअल बूट म्हणतात. खर्च काही नाही. पण हार्ड डिस्कची वाटणी करावी लागते, आणि तिथे घाई केली तर फोटो, हिशेब, कागदपत्रे सगळेच जाऊ शकते.

वाटणी म्हणजे काय?

डिस्क ही एक जमीन समजा. पार्टिशन म्हणजे तिचे तुकडे. कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत, याचा उतारा म्हणजे पार्टिशन टेबल. उतारा बिघडला की माल जागेवर असूनही सापडत नाही. जुन्या एमबीआर पद्धतीत चारच प्राथमिक पार्टिशन होतात आणि साधारण २ टीबीपर्यंतचीच डिस्क वापरता येते. नव्या जीपीटी पद्धतीत विंडोज १२८ पार्टिशन चालवते, शिवाय टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते.

आधी ही चार कामे

१. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत बॅकअप नव्हे.

२. बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बूटची मांडणी बदलली की विंडोज ती मागू शकते.

३. विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि लिनक्समधून त्या पार्टिशनवर लिहिल्यास फाइली बिघडू शकतात.

४. सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड बघा : यूईएफआय की लेगसी? लिनक्सही त्याच मोडमध्ये बसवा.

जागा मोकळी करणे

विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून श्रिंक व्हॉल्यूम निवडा. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो. ५० जीबी हवी तर ५१२००. रिकामी जागा भरपूर असूनही थोडीच सुटत असेल तर पेजफाइल, हायबरनेशन किंवा रिस्टोर पॉइंट यांसारख्या न हलणाऱ्या फाइली आड येत असतात. सुटलेली जागा अनअलोकेटेड दिसेल. ती तशीच राहू द्या, नवा ड्राइव्ह करू नका.

लिनक्स बसवताना

पेनड्राइव्ह ८ जीबीचा तरी घ्या. त्यातले सगळे पुसले जाईल, हे लक्षात असू द्या. आधी न बसवता चालवून बघा : वायफाय, आवाज ठीक आहे ना? मग विंडोजच्या बाजूला बसवण्याचा पर्याय निवडा. इरेज डिस्क हा पर्याय चुकूनही नको, त्याने विंडोजसकट सगळी डिस्क साफ होते. हाताने वाटणी करत असाल तर मोकळ्या जागेत ईएक्सटी-४ प्रकारचे रूट पार्टिशन करा. आधीचे ईएफआय पार्टिशन वापरा, पण फॉरमॅट करू नका. विंडोज सुरू करणाऱ्या फाइली तिथेच असतात.

नंतरच्या अडचणी

विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे पडले तर घाबरू नका. मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवते, विंडोज स्थानिक. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितले की झाले.

विंडोजला ईएक्सटी-४ आपणहून वाचता येत नाही. ‘फॉरमॅट करू का?’ असे तिने विचारलेच तर सरळ नाही म्हणा. दोन्हीकडे लागणाऱ्या फाइलींसाठी वेगळे एनटीएफएस पार्टिशन ठेवा.

पुढे लिनक्स नकोसे झाले तर नुसते पार्टिशन उडवू नका. बूटचा मेनू दाखवणाऱ्या ग्रबच्या फाइली त्यातच असतात. त्या गेल्या की संगणक काळ्या पडद्यावर अडतो. आधी विंडोजचे बूट पहिल्या क्रमांकावर आणा, ती आपली आपण सुरू होते ना बघा, मगच तुकडा मोकळा करा.