ट्राम येण्याआधी

विजेचा धोका म्हटला की शॉक, ठिणगी, आग एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. पण कुणालाही इजा न करता वीज एखादी कामाची जागा निकामी करू शकते. रायगड किनाऱ्यावरची अलिबागची चुंबकीय वेधशाळा अशाच एका धोक्यापायी उभी राहिली.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४६ पासून पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या नियमित नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरातल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचे ठरले. नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस तेव्हा वेधशाळेचे संचालक होते. ट्रामला वीज वरच्या तारेतून मिळते आणि प्रवाह रुळांतून परत जातो. दोन्ही प्रवाह सारखे असले तर दूरवर त्यांचे परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. पण रूळ जमिनीला टेकलेले. काही प्रवाह मातीत गळतो आणि वाट फुटेल तिकडे जातो.

ही गळती किती महागात पडेल? वर्गात हे गणित जरूर घालावे. समजा, लांब सरळ तारेतून १०० अँपिअर प्रवाह वाहतो आहे. एक किलोमीटरवर त्याचे क्षेत्र २० नॅनोटेस्ला येते. पृथ्वीचे क्षेत्र इथे ४० हजार नॅनोटेस्लांच्या आसपास, त्यापुढे हे किरकोळ! पण वेधशाळा टिपते ते या क्षेत्रातले चढउतार, आणि शांत दिवशी तेच मुळी पन्नासेक नॅनोटेस्लांचे असतात. शिवाय ट्राम सुटते, थांबते, पुन्हा सुटते. ठरावीक आकडा वजा करून सुटका नाही. कुलाब्याहून सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला, अलिबागला, हाच परिणाम एक नॅनोटेस्लाही भरत नाही.

नवी इमारत पोरबंदरी दगड, सागवान, तांबे-पितळ अशा चुंबकत्व नसलेल्या साहित्याची बांधली. पण जागा बदलली की जुन्या-नव्या नोंदी जुळवायच्या कशा? अलिबागला १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापे चालू ठेवली गेली. मला तर हा भाग जागेच्या निवडीहूनही मोलाचा वाटतो. उपकरणे घाईने हलवली असती तर साठ वर्षांची मालिका तिथेच तुटली असती.

मुंबईत विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. १९६४ मध्ये ट्राम बंद झाल्या. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत.