निचरा-बूच (गिझरचे)

पाणी तापवण्याच्या बंद टाकीतले पाणी व गाळ बाहेर काढण्यासाठी तळाशी बसवलेले आटेदार बूच. हार्डवेअरच्या दुकानात ते ‘प्लग’ किंवा ‘डमी’ म्हणून मागतात. भारतातल्या पुष्कळ गिझरांना ते वेगळे नसते. तिथे थंड पाण्याच्या जोडावरील सेफ्टी व्हॉल्व्ह काढून टाकी रिकामी करतात.

परंडा तालुक्यातल्या (जि. धाराशिव) सोनारी भागात खाली बेसाल्टचा खडक आणि वापराला बरेचदा बोअरचे जड पाणी, म्हणून गिझरच्या निचऱ्याकडे लक्ष द्यावे लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालते. जड पाणी तापले की कॅल्शियम कार्बोनेटचा खार कॉइलवर धरतो, त्याच्या खपल्या तळाशी साचतात. त्या वेळोवेळी काढल्या नाहीत तर बूच आट्यांतच जाम होते आणि पान्याने जोर केल्यावर टाकीचे आटे जातात. टाकीचे आटे गेले की बहुधा टाकीच बदलावी लागते.

नवे बूच घेताना जुने सोबत न्यावे. ‘अर्धा इंची’ बुचाचा बाहेरचा व्यास अर्धा इंच नसून सुमारे 21 मिमी भरतो, ‘पाऊण इंची’चा 26.4 मिमी, ही नावे नळाच्या आतल्या मापावरून पडली आहेत. भारतात नळजोडाचे आटे ब्रिटिश पद्धतीचे, 55 अंशांच्या कोनाचे असतात. अमेरिकी आट्यांचा कोन 60 अंश. या दोन्ही मापांत दोन्ही पद्धतींत इंचाला 14 आटे असल्याने चुकीचे बूचही काही फेरे बिनतक्रार फिरते, मग अडते आणि गळते. ही अडचण परदेशी बनावटीच्या कॅरॅव्हॅनमध्ये येते. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे, त्यामुळे अशा गाड्या सांभाळणाऱ्यांनी हा फरक ओळखायला हवा.

धातू टाकीकडे पाहून ठरवावा. अमेरिकी गाड्यांतल्या ‘ॲटवुड’ हीटरची टाकी ॲल्युमिनियमची, म्हणून तिला नायलॉनचे बूच येते. पितळ लावल्यास दोन धातूंच्या संपर्काने ॲल्युमिनियम झिजते; शिवाय जास्त आवळले तर नायलॉनचे आटे आधी जातात आणि टाकी वाचते. ‘सबर्बन’ची टाकी आतून काचलेपाची, पोलादाची. तिच्या बुचालाच ॲनोड रॉड जोडलेला असतो आणि टाकीऐवजी तो गंजतो. त्या जागी साधे बूच लावले तर गळती थांबते, पण टाकीचे संरक्षणही जाते. आपल्याकडच्या काचलेपाच्या गिझरांत मॅग्नेशियमचा रॉड बहुधा वेगळा बसवलेला असतो; क्षारयुक्त पाण्यात तो लवकर संपतो, तेव्हा टाकी रिकामी केली की तोही पाहावा. अशा टाकीला पितळी बूच चालते. जस्त चढवलेले लोखंडी बूच स्वस्त, पण गंजून चिकटते. पांढरे यूपीव्हीसीचे बूच मुळीच वापरू नये, कारण गरम पाण्यात ते नरम पडते.

निमुळत्या आट्यांवर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळावी. बुडाशी रबरी वायसर असलेल्या सरळ आट्यांत मात्र पाणी वायसर अडवतो, टेप नव्हे. म्हणून बुचाबरोबर उष्णता सोसणारा नवा वायसर घ्यावा. खोलण्यापूर्वी वीज बंद करावी, पाणी निवू द्यावे, आत येणारे पाणी बंद करून गरम पाण्याचा नळ उघडावा.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या ठिबकणाऱ्या तोंडावर बूच कधीही मारू नये. पंचवीस लिटर पाणी 25 अंशांवरून 75 अंशांपर्यंत तापले की अर्ध्या लिटरहून थोडे अधिक फुगते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून तिथूनच बाहेर पडते. ती वाट बंद केल्यास दाब टाकीवर येतो आणि टाकी फुटू शकते.