मुंबईतील वाहतूक-संगमस्थाने आणि सामान्य प्रवासी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

वाहतुकीच्या इतिहासात मार्ग, इंजिने आणि स्थानकांच्या इमारती यांची नोंद विपुल आढळते. प्रवासी एका वाहनातून उतरून दुसऱ्या वाहनात चढेपर्यंत जे अंतर पायी चालतो, त्याची दखल मात्र तुलनेने कमी घेतली जाते. 'एकात्मिक वाहतूक केंद्र' ही आजच्या नगरनियोजनातील संकल्पना नेमकी याच अंतराशी संबंधित आहे. रेल्वे, बस, मेट्रो, रिक्षा आणि पादचारी यांची एकाच ठिकाणी सुलभ व सुरक्षित सांगड घालणे हा तिचा गाभा होय.

मुंबईत ही सांगड का जमली नाही, याचे एक उत्तर नेहमी दिले जाते : वाहतूक अनेक संस्थांमध्ये विभागलेली असल्यामुळे समन्वय अशक्यप्राय ठरतो. हे उत्तर इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार बॅलार्ड पिअर, दादर आणि परळ या तीन ठिकाणांच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आरंभकाळ

दि. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) ही तिची कंपनी होती. पुढे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया (बी.बी.सी.आय.) या दुसऱ्या कंपनीने १८६७ मध्ये विरारपासून बॅक बेपर्यंत गाडी सुरू केली. अशा रीतीने एकाच अरुंद बेटावर दोन स्पर्धक कंपन्यांचे रूळ जवळजवळ समांतर पडले. मे १८७४ मध्ये घोड्यांची ट्रॅम आली, ती तिसऱ्या खाजगी कंपनीची होती. तिच्या आरंभीच्या मार्गांपैकी एक बोरीबंदर ते पायधुनी असा होता, ही बाब लक्षणीय आहे. रेल्वेने आलेल्या माणसाला शहरात पुढे जावयाचे असते, हे ट्रॅम कंपनीने ओळखले होते. तथापि ही जोडणी व्यापारी गणितातून झाली होती. संगमस्थान म्हणून त्या जागेचा विचार कोणी केला नव्हता.

बॅलार्ड पिअर : जोडणीचा यशस्वी प्रयोग

असा विचार मुंबईत प्रत्यक्षात झाला तो बॅलार्ड पिअर मोल स्थानकाच्या बाबतीत. विलायतेहून येणारी टपाल-आगबोट या धक्क्याला लागत असे आणि धक्क्यालगतच रेल्वेगाडी उभी असे. जी.आय.पी.ची पंजाब लिमिटेड टपालाच्या ठरलेल्या दिवशी येथूनच पेशावरकडे निघे. १९२८ मध्ये सुरू झालेली बी.बी.सी.आय.ची फ्रंटिअर मेलही हंगामात येथून सुटत असे. बोटीतून उतरलेल्या साहेबाला सामानासह शहर ओलांडण्याची गरज पडत नसे.

येथे मालकीचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. धक्का आणि त्यावरील रूळ पोर्ट ट्रस्टचे होते, आगबोटी जहाज कंपनीच्या होत्या आणि गाड्या दोन प्रतिस्पर्धी रेल्वे कंपन्यांच्या होत्या. म्हणजेच संस्था अनेक होत्या आणि त्यांचे हितसंबंधही भिन्न होते. तरीही जागा व वेळापत्रक या दोन्हींची सांगड घातली गेली. याचे कारण उघड आहे. साम्राज्याचे टपाल आणि साम्राज्याचा अधिकारी यांचा वेळ मोलाचा मानला जात होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या स्थानकाची प्रवासी वाहतूक थांबली. तेथील अनुभव शहरातील अन्य स्थानकांना मात्र उपयोगी पडला नाही.

दादर : एक नाव, दोन स्थानके

सामान्य मुंबईकराचे संगमस्थान होते दादर. येथे दोन्ही कंपन्यांची स्थानके एकमेकांना खेटून उभी राहिली. पूर्वेला काही अंतरावर ट्रॅमचा शेवटचा थांबा होता. 'दादर टी. टी.' या नावातील 'ट्रॅम टर्मिनस' ३१ मार्च १९६४ रोजी ट्रॅम बंद झाल्यावरही लोकांच्या तोंडी राहिला. रेल्वे, ट्रॅम आणि १९२६ नंतर बस अशी सर्व साधने या परिसरात उपलब्ध झाली, परंतु त्यांना जोडण्याचे काम प्रवाशाच्या पायांवरच सोपविले गेले.

खाजगी कंपन्यांचे युग स्वातंत्र्यापूर्वीच संपले होते. नोव्हेंबर १९५१ मध्ये मध्य व पश्चिम रेल्वेची स्थापना झाली आणि दोन्हींचा मालक एकच, म्हणजे भारत सरकार, होता. असे असूनही दादरला दोन्ही बाजूंचे फलाट स्वतंत्रपणे 'एक'पासून मोजले जात राहिले. नवख्या प्रवाशाने 'एक नंबर' विचारले, तर 'कोणत्या लाइनचा?' हा प्रतिप्रश्न अटळ असे. डिसेंबर २०२३ मध्ये पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग क्रमांक देण्यात आले. या सुधारणेसाठी मुख्यतः फलक बदलावे लागले. नवे रूळ टाकावे लागले नाहीत. तरीही मध्य व पश्चिम रेल्वेच्या स्थापनेनंतर ती होण्यास बहात्तर वर्षे लागली.

परळ : उपेक्षेची किंमत

परळ (मध्य) आणि एल्फिन्स्टन रोड (पश्चिम) ही स्थानके गिरणगावाच्या मध्यात होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या क्रमाने बंद पडत गेल्या आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर त्यांच्या जमिनींवर कार्यालये व व्यापारी संकुले उभी राहिली. गिरणी कामगार बहुधा जवळच्या चाळीत राहून पायी कामावर जात असे. नवा नोकरदार मात्र दूरच्या उपनगरांतून लोकलने येऊ लागला. जमिनीचा वापर बदलला, इमारतींची उंची वाढली, मात्र दोन्ही स्थानकांना जोडणारा अरुंद पादचारी पूल आणि त्याचा जिना पूर्वीचाच राहिला. दि. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी मुसळधार पावसात या जिन्यावर गर्दी खोळंबली आणि चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत लष्कराच्या साहाय्याने तेथे नवा पूल उभा राहिला.

रूळ, स्थानक आणि जमीन-वापराचे नियम यांचा विचार वेगवेगळ्या दप्तरांत होत गेला आणि या सर्वांचा भार अखेर एका जिन्यावर पडला, असा या घटनेचा अर्थ लावावा लागतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, संस्थांची अनेकता ही अडचण असली तरी ती निर्णायक नाही. बॅलार्ड पिअरला मालक अनेक असूनही जोडणी झाली, तर दादरला मालक एक होऊनही ती रखडली. परळचा पूल वर्षानुवर्षे अपुरा राहिला, पण निकड मान्य होताच काही महिन्यांत पर्याय उभा राहिला. कोणत्या प्रवाशाचा वेळ आणि जीव मोलाचा मानला जातो, हाच कळीचा प्रश्न ठरतो.

अलीकडे परिस्थिती काही प्रमाणात बदलत आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा–घाटकोपर मेट्रोची स्थानके अंधेरी व घाटकोपर येथे उपनगरी रेल्वेला पुलांनी जोडलेली आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अकरा वाहतूक सेवांसाठी 'मुंबई वन' हे सामाईक ॲप सुरू झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि तिकीट एक झाल्याने जिना रुंद होत नाही. संगमस्थानाच्या आराखड्याचा आरंभ प्रवाशाच्या चालण्याच्या वाटेपासून, आणि त्यातही वृद्ध, अपंग व लेकुरवाळी स्त्री यांच्या वाटेपासून व्हावा, असे या इतिहासाच्या आधारे म्हणता येईल.