खुणेची लिपी

दिवाळीचे चार दिवस आले की पूर्वी पोस्टमनच्या झोळीला वजन येत असे. आता ते वजन खिशातल्या फोनला आले आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अंगाला लावलेले तेल उतरण्याच्या आत, पणत्या, मिठाया, फटाके आणि जोडलेले हात ह्यांची चित्रे घराघरांत येऊन दाखल होतात. ह्या चित्रांना जगभर ‘इमोजी’ म्हणतात. शब्द जपानी आहे. ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. ‘इमोशन’ ह्या इंग्रजी शब्दाशी असलेले त्याचे साम्य हा निव्वळ योगायोग.

ह्या चित्रांनी भाषेचा घास घेतला, अशी वडीलधाऱ्यांची तक्रार आहे. पेण आणि रोहा ह्या दोन गावांत माझे आयुष्य गेले, आणि मुलांना पत्रलेखन शिकवणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. तेव्हा ही तक्रार मला नेमाने ऐकावी लागते. परंतु तिचा निकाल लावण्यापूर्वी आपल्याच जुन्या पत्रव्यवहाराचे दप्तर एकदा सोडून पाहावे, हे बरे.

पत्र म्हणजे केवळ शब्द, असे आपल्याकडे कधीच नव्हते. माथ्यावर ‘श्री’ असे. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटे लागलेली असत. ती दिसली की मजकूर वाचण्यापूर्वीच घरात आनंद होई. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि ह्या खुणांना घरोघर जाण्याची वाट मिळाली. कार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की हातातले काम हातातच राही. असले कार्ड उंबऱ्याबाहेर वाचायचे आणि वाचून लगेच फाडून टाकायचे. अक्षर न वाचता येणाऱ्या म्हातारीलाही तो फाटका कोपरा बरोबर वाचता येत असे.

मायन्यातही खुणाच होत्या. ‘ती.’, ‘चि.’, ‘सौ.’ ह्या एकेका अक्षरात नाते, वय आणि मान सामावलेला असे. मात्र त्या सगळ्याच गोड होत्या असे कोणी समजू नये. ‘गं. भा.’ ही दोन अक्षरे एका स्त्रीचे सारे दुर्दैव पत्त्यावर मांडीत आणि गावभर वाचून दाखवीत. जोडलेल्या हातांच्या आजच्या चित्रात सधवा-विधवा हा भेद उरलेला नाही, ही त्या चित्राची पुण्याईच म्हटली पाहिजे.

खुणेने किती भार पेलावा, ह्याचे मराठी इतिहासातले उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर आपला घात झाला. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते. त्यांच्या हाती वाटेत सावकारी पेढीचे एक पत्र लागले. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याच्या नाण्यांची तर गणतीच नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे पेशव्यांना सांगावे लागले नाही. बापाच्या काळजावर घाव घालायला तेवढे पुरले. मला मात्र ह्या पत्रातले मोती तितकेसे छळत नाहीत. छळते ते तांबे. हजारो शिलेदार, बारगीर, बुणगे त्या एका धातूत विरघळून गेले. खूण थोडक्यात पुष्कळ सांगते हे खरे, पण थोडक्यात पुष्कळ गिळूनही टाकते.

पुढे तारायंत्र आले. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून तारखात्याने शुभेच्छांचे ठरीव मजकूर तयार केले आणि त्यांना क्रमांक दिले. क्रमांक १ म्हणजे दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. क्रमांक ८ म्हणजे दीर्घ व सुखी वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा. इकडच्या कचेरीतून आकडा जायचा आणि तिकडच्या कचेरीत त्याचा मजकूर व्हायचा. चुकून लग्नघरी दिवाळीच्या शुभेच्छा पोहोचत, असे विनोद त्या काळी रंगवून सांगितले जात. जुलै २०१३ मध्ये ही तारसेवा बंद झाली.

पण आकडा काही मेला नाही. जपानात काही चित्राक्षरे आधीही निघाली होती. १९९९ साली शिगेताका कुरिता ह्यांनी तिथल्या एका मोबाइल कंपनीसाठी १७६ चित्रे आखली. एकेक चित्र बारा आडव्या आणि बारा उभ्या ठिपक्यांचे, म्हणजे आपल्या अंगणातल्या ठिपक्यांच्या रांगोळीएवढेच! २०१० मध्ये युनिकोड ह्या जागतिक अक्षरसूचीने असली शेकडो चित्रे आपल्यात घेतली आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. जोडलेल्या हातांचा क्रमांक १,२८,५९१. आपली पणती त्या सूचीत २०१९ साली आली. तिचा क्रमांक १,२९,६८४. आपण पणती पाठवतो म्हणजे हा आकडाच पाठवतो. समोरचा फोन त्याची पणती करतो. तारमास्तर गेला, पण त्याचे काम यंत्र करीत आहे. म्हणूनच एकच चेहरा एका फोनवर एक दिसतो आणि दुसऱ्यावर जरासा वेगळा.

चेहऱ्याची ही किमया पेणच्या माणसाला नवी नाही. गणपतीच्या कारखान्यांत माती कालवणारे, साचा भरणारे, रंग देणारे हात पुष्कळ असतात. डोळ्यांची आखणी मात्र ज्याच्या-त्याच्या हाती देत नाहीत. ती रेघ केसभर खाली उतरली की प्रसन्न मूर्ती झोपाळू दिसते. दोन ठिपके आणि एक वक्र रेघ एवढ्यावर आपण माणसाचा राग-लोभ ओळखतो, ह्याच आपल्या सवयीवर इमोजीचा सारा संसार उभा आहे.

आता अंगठ्याचे पाहा. मराठीत ‘अंगठा दाखवणे’ म्हणजे ऐन वेळी दगा देणे. फोनवरचा अंगठा मात्र होकार देतो. आमच्या जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्यात, खोताच्या कबुलायतीवर कुळाचा अंगठा उठे आणि पिकलेला भात दुसऱ्याच्या कणगीत जाई. अलिबागेजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून वर्षानुवर्षे जो संप केला, त्याच्या मुळाशी हीच खोती होती. आणि २०२३ मध्ये कॅनडातल्या एका न्यायालयाने काय निकाल द्यावा? जवसाच्या सौद्याचा करार फोनवर आला, शेतकऱ्याने उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र धाडले. न्यायालयाने ती सही मानली आणि त्याला सुमारे ८२ हजार डॉलर भरपाईचा हुकूम झाला. शाईचा असो की चित्राचा, अंगठा जपून उठवावा, हे कुळांना जे कळले होते ते आपल्या मुलांनाही सांगितले पाहिजे.

मग ह्या खुणांची खरी किंमत कशात? रोह्याच्या देशमुख घराण्यातले चिंतामणराव, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, ह्यांनी मेघदूत मराठी पद्यात आणले. त्या काव्यातला यक्ष मेघाजवळ निरोप देतो, पण तेवढ्यावर भागत नाही. निरोप आपलाच आहे हे पत्नीला पटावे, म्हणून तो दोघांनाच ठाऊक असलेली एक आठवण खूण म्हणून सांगतो. खूण म्हणजे हे! ती साऱ्या जगाची असून चालत नाही. ती दोघांची असावी लागते.

आमच्या भागातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला चाकरीला गेले. मागे राहिलेल्या निरक्षर बायकोचे पत्र मास्तर लिहीत आणि आलेले पत्रही मास्तरच वाचीत. परक्या पुरुषासमोर ती माउली मनातले काय सांगणार? ‘इकडील सर्व क्षेम’ एवढ्यावर तिचा जन्म गेला. आज रोह्याला माझ्या ओळखीची एक आजी आहे. तिला अक्षर येत नाही. मुलगा दूरदेशी. रोज तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावून झाला की ती त्याला पणतीचे चित्र पाठवते. त्याचा अर्थ काय, तो त्या दोघांना ठाऊक. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी पणती गेली नाही. मुलाने तासाभराने शेजाऱ्यांना फोन केला. ते गेले तेव्हा म्हातारी न्हाणीघरात पाय घसरून पडलेली होती. मांडीचे हाड मोडले होते, पण जीव वाचला.

त्या दिवशी जगात लक्षावधी पणत्या इकडून तिकडे गेल्या असतील. त्यांतली एक कमी आली, हे ओळखणारा माणूस एकच होता. वाचकहो, ह्या दिवाळीत पणत्या खुशाल पाठवा. पण जिची वाट पाहावी अशी एखादी तरी त्यांत असू द्या.