तट आणि बंदर

कोकणचा किनारा पाहावयास आपण जातो तेव्हा नजर प्रथम तटाबुरुजांवर खिळते. परंतु जलदुर्गाचा प्राण तटात नव्हे, त्याच्या आडोशाला नांगरलेल्या आरमारात होता. शिवाजीमहाराजांनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, तो समुद्रावरील सत्तेला हक्काचे घर हवे म्हणून.

विजयदुर्गी हे अधिक उमगते. किल्ल्यामागे वाघोटणची खाडी आत शिरली आहे. गलबतांना तेथे आसरा मिळे. १७५६ च्या फेब्रुवारीत येथेच आंग्र्यांचे आरमार जळाले. समुद्रातून वॉटसनची इंग्रजी जहाजे आली, जमिनीवरून पेशव्यांची फौज. तोफगोळ्याने एक जहाज पेटले आणि आग साऱ्या ताफ्यात पसरली. तुळाजी आंग्रे पेशव्यांच्या कैदेत पडले. तुळाजी आणि पेशवे यांचे वैर जुने होते, हे खरे. परंतु घरच्या भांडणात परक्याला बोलावले आणि किनाऱ्यावरचे सर्वांत बलाढ्य मराठी आरमार गेले, हेही तितकेच खरे. पुढे किल्ला पेशव्यांकडे आला, आनंदराव धुळपांनी तेथून आरमार नेटाने चालविले. पण इंग्रजांना समुद्रावर अडविण्याचे सामर्थ्य पुन्हा आले नाही.

२०२५ साली सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेले, याचा आपल्याला आनंद आहे. मात्र तटावर उभे राहिल्यावर आपण त्या रित्या खाडीकडेही पाहावे. तट शाबूत राहिले तरी राज्य बुडू शकते, हे तिच्याइतके स्पष्ट दुसरे कोणी सांगत नाही.