कालच्या भागात काय झालं?

टीव्हीवरच्या मालिका पाहून माणसं जे बोलतात त्याला इतिहास असतो का, असं कोणी विचारलं तर मी 'हो' म्हणेन. लढायांचा आणि तहांचा इतिहास असतो, तसाच जिन्यात उभं राहून केलेल्या गप्पांचाही असतो. फक्त तो कोणी लिहून ठेवत नाही. गेल्या चाळीसेक वर्षांत या गप्पांमधलं एक वाक्य बदललं. पूर्वी माणसं म्हणायची, "काल काय झालं, सांगा ना." आता म्हणतात, "सांगू नका, माझं अजून बघायचं राहिलंय." या दोन वाक्यांच्या मधल्या काळाविषयी मी आज बोलणार आहे.

क्रमशः गोष्ट ऐकण्याची सवय आपल्याला टीव्हीनं लावलेली नाही. चातुर्मासात देवळात श्रीधरांच्या 'पांडवप्रताप'चे अध्याय वाचले जात. ज्याचा एखादा अध्याय चुकला, तो दुसऱ्या दिवशी शेताच्या बांधावर कोणाकडून तरी ऐकून घेई. उत्तरेत दास्तानगो रात्र रात्र गोष्ट लांबवत. 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही अशीच अफाट दास्तान. १८८३ पासून लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानं ती खंडाखंडांनी छापली. पोथी असो की दास्तान, ऐकणारा उद्या दुसऱ्याला सांगणार हे त्यात गृहीतच असे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्याच्या परिसरात दिसू लागलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ घराघरांत पोचले. १९८२ मध्ये टीव्ही रंगीत झाला. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. १९८४ मध्ये 'हम लोग' आली. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेल्या या मालिकेत भाग संपला की अशोककुमार येऊन चार शब्द बोलत. घरातल्या वडीलधाऱ्यानं आपलं मत आधी मांडावं, तसं ते होतं. प्रेक्षकांनीही उत्तरं दिली. या मालिकेला चार लाखांहून अधिक पत्रं आल्याची नोंद अभ्यासकांनी केली आहे. पुढे 'सुरभि'ला पोस्टकार्डांची इतकी पोती येऊ लागली, की टपाल खात्यानं स्पर्धांसाठी वेगळं, महाग पोस्टकार्ड काढलं. मत द्यायचं तर हात दुखेपर्यंत लिहावं लागे आणि तिकिटाचे पैसेही पडत.

'महाभारत' लागायचं तेव्हा रस्ते ओस पडायचे, असं आपण नेहमी ऐकतो. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, ९४ भाग, रविवारी सकाळी. सगळा देश एकाच वेळी एकच गोष्ट पाहत होता, असं म्हणतात. आमच्या भागात ते तितकंसं खरं नव्हतं. भोसरी-चिंचवडच्या बऱ्याच कारखान्यांची आठवड्याची सुट्टी वीजपुरवठ्याच्या वेळापत्रकामुळे रविवारी नव्हे, गुरुवारी असे. रविवारी सकाळी द्रौपदीचं वस्त्रहरण चाललेलं असताना हजारो कामगार लेथ मशिनपुढे उभे होते. रस्ते ओस पडलेही असतील. पहिली पाळी मात्र भरलेली होती.

माझे अब्बा त्या पाळीत होते. रहाटणीत तेव्हा शेतं होती, विहिरी होत्या आणि कामगारांच्या नव्या खोल्या उठत होत्या. टीव्ही शेजारच्या काकूंकडे होता. अम्मी तिथे जाऊन 'महाभारत' बघायची आणि अब्बा दुपारी परतले की ताटावर बसल्या बसल्या त्यांना अख्खा भाग दखनीत सांगायची. भीष्म पितामह तिच्या तोंडी 'बडे दादा' झाले होते. ती नुसतं सांगत नसे, बाजूही घेई. द्यूताचा भाग सांगताना ती धर्मराजावर इतकी चिडली, की भाकरी तव्यावर करपली. बायकोला पणाला लावणाऱ्याला धर्मराज कसं म्हणायचं, हा तिचा सवाल होता. अब्बा म्हणाले, "पगाराच्या दिवशी थेट घरी यायची सवय नसली, की असंच होतं." हे 'महाभारता'वरचं मत होतं आणि आमच्या गल्लीतल्या पत्त्यांच्या अड्ड्यावरचंही. अब्बांनी ती मालिका फारशी पाहिली नाही, पण 'महाभारत' त्यांना पाठ होतं.

मला फार नंतर कळलं, की त्या मालिकेचे संवाद लिहिणारे डॉ. राही मासूम रझा यांनी अलीगढच्या विद्यापीठात पीएच.डी. केली ती 'तिलिस्म-ए-होशरुबा'वर. गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीचा हा लेखक. मुसलमानानं 'महाभारत' लिहायचं, यावर बी. आर. चोप्रांकडे नाराजीची पत्रं आली, आधी नकार देणाऱ्या राहींनी ती वाचली आणि मग हट्टानं होकार दिला, हा किस्सा प्रसिद्ध आहे. काळालाच निवेदक करण्याची कल्पना दास्तान कोळून प्यायलेल्या माणसाला सुचावी, यात मला नवल वाटत नाही. गोष्ट सांगायला कोणीतरी लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. पडद्यावर ते काम काळ करत होता, आमच्या घरात अम्मी.

१९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाली आणि 'आभाळमाया' आली. मग रोजच्या मालिकांचा जमाना आला. 'चार दिवस सासूचे' तीन हजारांहून अधिक भाग चालली. रात्री चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागू लागला आणि सांगणाऱ्याची गरज तिथेच कमी झाली. २०१६ मध्ये मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला आणि ती जवळजवळ संपली. आता भाग चुकतच नाही. तिसऱ्या पाळीचा कामगार चाकणहून परतताना कंपनीच्या बसमध्ये कानात इअरफोन घालून आपला भाग आपल्या वेळेला बघतो. मला याचं वाईट वाटत नाही. घड्याळ आता त्याच्या हातात आहे. अब्बांच्या हातात ते कधीच नव्हतं.

पण एकाच बसमधले चाळीस जण चाळीस ठिकाणी पोचलेले असतात. कोणी दुसऱ्या भागावर, कोणी सातव्यावर. म्हणून 'सांगू नका'. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा दाखवलं, तेव्हा १६ एप्रिलला ७ कोटी ७० लाख लोकांनी ते पाहिल्याचं दूरदर्शननं जाहीर केलं. पुढे काय होणार हे प्रत्येकाला माहीत असलेली गोष्ट! मला वाटतं, लोकांना एकाच वेळी एका जागी असण्याची भूक होती.

मीही हल्ली मोबाइलवर मालिका बघतो आणि मतं देतो. 'पंचायत'चा पहिला हंगाम मला सर्वांत आवडला. चाकांच्या एका खुर्चीवरून गावात केवढं रामायण घडतं! पुढच्या हंगामांत निवडणुकीची हाणामारी वाढली आणि खुर्चीची गंमत उणावली. 'समांतर' मी पाहिली ती सुहास शिरवळकरांच्या कादंबरीसाठी. पण सुदर्शन चक्रपाणीच्या भूमिकेत नितीश भारद्वाज दिसले आणि मला एकदम अम्मीचा कृष्ण आठवला. मालिका तशी ताणलेली वाटली, तरी त्या चेहऱ्यासाठी मी शेवटपर्यंत बसलो.

२०२४ मध्ये 'मानवत मर्डर्स' आली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला परभणी जिल्ह्यात घडलेलं हत्याकांड, आणि तपास करणाऱ्या रमाकांत कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. रहाटणीत मराठवाड्यातून पोट भरायला आलेली माणसं पुष्कळ आहेत. आमच्या इमारतीतले एक काका त्याच भागातले. मालिका सगळ्यांची बघून झाली होती, त्यामुळे कोणी 'सांगू नका' म्हणालं नाही. मी सहज मत दिलं, की पोलीस तपासाचा भाग झकास जमलाय. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्ही लहान होतो. दिवे लागायच्या आत आई आम्हाला आत ओढायची आणि कडी लावायची. आमच्या शेजारी एक पोर खेळायला यायची, तिला तिच्या घरच्यांनी वर्षभर उंबऱ्याबाहेर पाठवली नाही. ती तुमच्या मालिकेत कुठंय?"

त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये आम्ही सात-आठ जण होतो. गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि तरीही काकांचं सांगून होईपर्यंत कोणी लिफ्टकडे वळलं नाही.