पावसाच्या भरवशावर

1911 च्या फेब्रुवारीत मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क (पुढे लॉर्ड सिडनहॅम) यांनी लोणावळ्याच्या धरणाची कोनशिला बसवली, तेव्हा टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी जेमतेम तीन महिन्यांची होती. कंपनी विजेची, पण तिचा कच्चा माल घाटमाथ्यावर चार महिने कोसळणारा पाऊस. उरलेले आठ महिने काय? पावसाळ्यात तळी भरून ठेवायची, ते पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला सोडायचं आणि वीज सत्तरेक किलोमीटरवरच्या मुंबईला पोचवायची. हिशेब सोपा होता. त्यात पैसे घालायला मात्र कोणी धजेना.

ही कल्पना जमशेटजी टाटांच्या गळी उतरवली डेव्हिड गॉसलिंग या मुंबईतल्या वास्तुविशारदाने. 1904 मध्ये जमशेटजी गेले आणि भांडवल उभं करायचं काम दोराबजींकडे आलं. लंडनच्या बाजारात त्यांना परवडतील अशा अटी मिळाल्या नाहीत. अखेर दोन कोटींच्या आसपासची रक्कम इथेच उभी राहिली, त्यात संस्थानिकांचा वाटा मोठा होता. ज्या धंद्याचं भवितव्य मृगाच्या सरींवर ठरणार, त्यात लंडनच्या सावकारापेक्षा इथल्या राजाने पैसे टाकावेत, हे तसं स्वाभाविकच. दुष्काळ आणि सुकाळ दोन्ही त्याने डोळ्यांनी पाहिलेले असत.

दुसरी अडचण गिऱ्हाइकांची. मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत होत्या. बॉयलर, इंजिनं यांवर मालकांनी आधीच पैसा ओतलेला. धुराडं हे गिरणीचं वैभव. ते सगळं मोडीत काढून घाटातून तारेवरून येणाऱ्या विजेवर विसंबायचं, म्हणजे तार तुटली की हजारो चात्या एकदम थांबणार. धरणं, नळ, खांब यांचा खर्च आधी आणि उत्पन्न नंतर, त्यामुळे गिरण्यांनी मोठ्या प्रमाणावर वीज घेतल्याशिवाय कंपनीचं गणित बसत नव्हतं. 1915 च्या फेब्रुवारीत खोपोलीची वीज पहिल्यांदा पोचली ती सिम्प्लेक्स मिलमध्ये. लांबून येणारा कोळसा महायुद्धामुळे महाग आणि दुर्मीळ झाला, तसे कुंपणावरचे गिरणीमालक विजेकडे वळू लागले.

मागणी वाढली आणि कंपनी उत्तरेला, दक्षिणेला सरकत गेली. 1916 मध्ये आंध्रा व्हॅली कंपनी, 1919 मध्ये टाटा पॉवर. प्रत्येक खोऱ्यासाठी वेगळी कंपनी काढण्यात शहाणपण होतं; एक प्रकल्प फसला तर दुसरा बुडू नये. आंध्रा व्हॅलीचं भिवपुरीचं वीजघर 1922 मध्ये, टाटा पॉवरचं भिऱ्याचं 1927 मध्ये सुरू झालं. भिऱ्याचं वीजघर सुरू होईपर्यंत काय घडलं, ते कोनशिलांवर वाचायला मिळत नाही.

भिऱ्यासाठी मुळा आणि नीला या नद्यांचं पाणी मुळशीला अडवायचं होतं. मुळशी पेट्यातली पन्नासहून अधिक गावं त्याच्या कचाट्यात आली. ही भातखाचरांची जमीन, पिढ्यान्‌पिढ्या मावळ्यांनी कसलेली. भूसंपादनाच्या कायद्याने सरकार ती ताब्यात घेऊन कंपनीला देणार होतं. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. गांधीजींनीही ‘यंग इंडिया’मधून टाटांना उद्देशून लिहिलं.

काम काही महिने थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. लढ्याला तडा गेला तो आतून. जमिनीचे अनेक मालक पुण्यातले सावकार होते आणि त्यांना भरपाईचा आकडा पुरेसा वाटला; कसणाऱ्या कुळाला पैशाच्या बदल्यात काय मिळणार होतं? डिसेंबर 1924 मध्ये बापटांनी मोजक्या साथीदारांसह कामगारांची रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. धरण झालंच. जलविद्युत कंपनीच्या ताळेबंदात पावसाची आणि यंत्राची जोखीम धरली जाते. मुळशीत तिसरी जोखीम होती, तिची किंमत ताळेबंदाबाहेरच्या माणसांनी मोजली. आज ज्यांना आपण धरणग्रस्त म्हणतो, त्यांच्या संघटित विरोधाच्या जगातल्या पहिल्या उदाहरणांत हा सत्याग्रह धरला जातो.

पुढे शहराची भूक तळ्यांना भागवेना. 1956 मध्ये ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र सुरू झालं. ज्या कोळशाच्या कटकटीतून सुटण्यासाठी ही कंपनी जन्मली, ती स्वतःच इंधन जाळायला लागली! आणि ज्या गिरण्यांच्या भरवशावर सगळा डोलारा उभा राहिला, त्या 1982 च्या संपानंतर एकेक करून गेल्या. सिम्प्लेक्स मिलच्या जागेवर आता निवासी मनोरे आहेत. 2000 मध्ये तिन्ही कंपन्या टाटा पॉवर या एकाच नावाखाली आल्या.

आता धोका आहे तो पाण्याच्या मालकीचा. इंद्रायणी, आंध्रा, मुळा, नीला या नद्यांचं पाणी मूळचं भीमेचं, म्हणजे पूर्वेला जाणारं. कृष्णा पाणीतंटा लवादाने 1970 च्या दशकात टाटांच्या धरणांतून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली: एका वर्षात फार तर 54.5 टीएमसी, पाच वर्षांत मिळून 212 टीएमसी. दुष्काळ पडला की सोलापूर, पुण्याकडून ‘हे पाणी वीजनिर्मितीला कशाला, आम्हाला द्या’ ही मागणी उठते. तिला जोर आहे, कारण तेवढी वीज आता दुसरीकडून आणता येते.

पण घाटाखालीही शंभर वर्षांत दावेदार तयार झालेत. खोपोलीतून सुटलेलं पाणी पाताळगंगेत जातं. भिवपुरीच्या पाण्यावर कर्जतमधली उन्हाळी भातशेती होते आणि त्यातूनच भर उन्हाळ्यात उल्हास नदी वाहती राहून बदलापूर ते कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या नळांना पाणी येतं. भिऱ्याचं पाणी कुंडलिकेत उतरतं. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीपासून कोलाडच्या राफ्टिंगवाल्यांपर्यंत सगळे त्यावर अवलंबून. कोलाडचा राफ्टिंगवाला तर सकाळी भिऱ्याहून पाणी सुटलं की नाही, हे पाहूनच पर्यटकांना होडीत बसवतो.